किती टँकर?

आमच्या गावाचं नाव लोणी भापकर. हॉस्टेलवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात जो विनोद व्हायचा तो झाला. "लोणी? मग मेसच्या चपातीला थोडं पाठव की!" हा विनोद वर्षभर चालला, मग शिळा झाला. थर्ड इयरला सेमिनारचे विषय नोटीस बोर्डावर लागले आणि नवा विनोद मिळाला. सगळ्यांनी रोबो, बॅटरी, ड्रोन असले झकास विषय घेतलेले. माझ्या नावापुढं होतं 'समुद्रातील तेल व वायू उत्पादनातून निघणाऱ्या सांडपाण्याचे व्यवस्थापन'. मैत्रीण म्हणाली, "जिच्या गावात प्यायला पाणी नाही, ती आता समुद्राचं पाणी साफ करणार!"

हसले मीही. पण तिचं वाक्य डोक्यात बसलं, कारण दोन्ही अर्धी खरी होती.

बारामती म्हटलं की लोकांना ऊस आठवतो, साखर कारखाने आठवतात. ते बागायती बारामती, नीरा डाव्या कालव्याच्या कृपेनं हिरवं झालेलं. आमचं गाव मोरगावच्या बाजूला, जिरायती पट्ट्यात. गावात मल्लिकार्जुनाचं जुनं मंदिर आहे, देखणी दगडी पुष्करणी आहे, यज्ञवराहाची मूर्ती आहे. वराहानं पृथ्वी समुद्रातून वर काढली म्हणतात. समुद्राशी आमच्या गावाचा संबंध काय तो तेवढाच! बाकी पाणी म्हणजे पावसाचं, विहिरीचं आणि ते आटलं की टँकरचं. टँकरच्या रांगेत हंडा धरून मी उभी राहिले आहे. त्यामुळे पाणी मोजायचं आमच्या घरातलं माप लिटर नाही. एक हंडा, एक बॅरल, एक टँकर.

आमची आज्जी एकच पाणी तीनदा वापरायची. तांदूळ धुतलेलं गुरांना, भांडी विसळलेलं परसातल्या केळीला, अंघोळीचं नारळाला. 'सांडपाणी' हा शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. सांडायचं कशाला, असा तिचा रोख. त्यामुळे 'वेस्टवॉटर मॅनेजमेंट' हा पेपर मला थोडासा घरचाच वाटतो.

हा विषय मला मिळाला तो माझ्या चुलत भावामुळं. मी त्याला दादा म्हणते. तो पश्चिम किनाऱ्यावरच्या एका प्लॅटफॉर्मवर कंत्राटदारामार्फत लॅबमध्ये कामाला आहे. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. गावात सगळ्यांना वाटतं तो तेल काढतो. तो म्हणतो, "मी कसलं तेल काढतोय? मी पाण्याच्या बाटल्या भरतो." हे ऐकून मी वाचायला बसले आणि मग वाचतच गेले.

मुंबई हायची गोष्ट आपण शाळेत शिकलो. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर दूर समुद्रात 'सागर सम्राट' या रिगनं १९७४ मध्ये तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. शाळेच्या पुस्तकात चित्र असायचं ते उंच मनोऱ्याचं आणि ज्वाळेचं. पाण्याचं चित्र कुठंच नाही. पण खरी गंमत अशी, की तेलाची विहीर ही बऱ्याच अंशी पाण्याचीच विहीर असते.

जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. दगडाला बारीक छिद्रं असतात आणि त्या छिद्रांत तेल, वायू आणि लाखो वर्षांपूर्वीचं खारं पाणी एकत्र अडकलेलं असतं. मुंबई हायला हा दगड म्हणजे चुनखडी. विहीर नवी असते तेव्हा दाबामुळं तेल भरभरून येतं. तेल निघत गेलं की खालचं पाणी वर सरकतं. दाब टिकवायला आपणही समुद्राचं पाणी खाली ढकलतो आणि काही वर्षांनी तेही विहिरीतून वर येऊ लागतं. म्हणजे विहीर म्हातारी होते तसं तेल कमी आणि पाणी जास्त. जगाचा हिशोब ढोबळमानानं असा सांगतात, की एका पिंपाभर तेलामागं तीन पिंपं पाणी निघतं. जुन्या विहिरींत तर शंभरातले नव्वद भाग पाणी येऊ शकतं. आमच्याकडं विहीर जुनी झाली की पाणी जातं, इथं विहीर जुनी झाली की पाणी येतं. नशीब बघा!

या पाण्याला इंग्रजी पुस्तकांत 'प्रोड्यूस्ड वॉटर' म्हणतात. मी त्याला सरळ तेलाबरोबरचं पाणी म्हणते. त्यात तेलाचे बारीक थेंब असतात, विरघळलेलं बेंझीन, फिनॉल, मीठ, थोडेफार जड धातू असतात. शिवाय पाइप गंजू नये, जंतू वाढू नयेत, तेल-पाणी लवकर फुटून वेगळं व्हावं म्हणून आपणच घातलेली रसायनं असतात. प्लॅटफॉर्म म्हणजे समुद्रात उभं केलेलं लोखंडी माळवद. तिथं आपल्या कॉलेजच्या ट्रीटमेंट प्लँटसारख्या ऐसपैस टाक्या बांधायला जागा नाही. जे करायचं ते थोड्या जागेत आणि मिनिटांत.

आता थोडं टेक्निकल, पण घाबरू नका, व्हायवा नाही.

तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर येतं. किती वेगानं येतं हे स्टोक्स साहेबांनी १८५१ मध्येच सांगून ठेवलंय. थेंबाचा व्यास दहापट कमी झाला तर वर चढायचा वेग शंभरपट कमी होतो. मी साध्या आकड्यांनी गणित केलं. १०० मायक्रॉनचा थेंब एक मीटर चढायला साधारण १७ मिनिटं घेतो, १० मायक्रॉनचा थेंब २८ तास. प्लॅटफॉर्मवर २८ तास कोण थांबणार? म्हणून सगळी कसरत दोनच गोष्टींची: थेंब मोठा करा, नाहीतर ओढ वाढवा.

थेंब मोठा करणं म्हणजे आज्जीचं ताक घुसळणं. रवी फिरत राहते, लोण्याचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि गोळा वर येतो. प्लॅटफॉर्मवर जवळजवळ लावलेल्या तिरक्या पत्र्यांमधून पाणी नेतात, तिथं थेंब थेंबाला भेटतो आणि मोठा होतो. (गावाचं नाव शेवटी कामी आलं.)

ओढ वाढवणं म्हणजे डेअरीत दुधाची साय काढायचं यंत्र. गरगर फिरवलं की जड बाहेर, हलकं मध्यभागी. हायड्रोसायक्लोन हेच करतो आणि तेही स्वतः न फिरता. निमुळत्या नळीत पाणी कडेनं जोरात सोडतात, ते भोवऱ्यासारखं फिरतं, तेल मधल्या गाभ्यात जमून एका तोंडानं निघतं आणि पाणी दुसऱ्या तोंडानं. गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट ओढ मिळते, काम सेकंदांत होतं. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधनातून ही नळी पुढं आली आणि १९८० च्या दशकात समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर बसली.

तरीही उरलेल्या बारीक थेंबांसाठी खालून वायूचे बुडबुडे सोडतात. थेंब बुडबुड्याला लटकतो आणि वर येतो, वरचा फेस काढून घ्यायचा. मामाच्या गावाला गुऱ्हाळावर हेच बघितलंय. रस उकळतो, भेंडीचं पाणी टाकतात, मळी फेसाबरोबर वर येते आणि गुळव्या झाऱ्यानं ती काढत राहतो. भेंडीच्या जागी इथं पॉलिमर. आणि टँकरच्या गढूळ पाण्यात आई तुरटी फिरवायची, तेही त्याच घराण्यातलं. यात एक पथ्य मात्र पाळावं लागतं. पंप आणि व्हॉल्व्ह पाण्याला जितकं फेटाळतील तितके थेंब फुटून बारीक होतात. म्हणून आधी वेगळं करा, मग पंप करा.

एवढं सगळं झाल्यावर पाणी एका उभ्या पाइपातून समुद्रात सोडतात. सोडताना त्यात तेल किती चालेल? आपल्या पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मध्ये ते लिहिलेलं आहे. समुद्रात सोडताना लिटरमागे ४० मिलिग्रॅम, शंभरातल्या ९५ तपासण्यांत याच्या आत, आणि १०० च्या वर कधीच नाही. दर आठ तासांनी एक असे दिवसाला तीन नमुने घ्यायचे आणि त्यांची सरासरी बघायची. दादाच्या बाटल्या त्या ह्या! नियमात आणखी दोन शब्द आहेत, ते मला फार आवडतात. 'पाणी न मिसळता.' म्हणजे खराब पाण्यात चांगलं पाणी ओतून आकडा खाली आणायचा नाही. दुधात पाणी घालणाऱ्यांच्या देशात हे लिहून ठेवावं लागतं आणि लिहिलंय हे बरंच झालं.

अमेरिकेत किनाऱ्यापासून दूरच्या प्लॅटफॉर्मना महिन्याची सरासरी २९ आणि एका दिवसाची कमाल ४२ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. युरोपातल्या ईशान्य अटलांटिकच्या देशांच्या 'ऑस्पार' कराराखाली महिन्याची सरासरी ३०. आपण ४०. माझ्या सेमिनारचा निष्कर्ष जवळजवळ लिहून तयार होता: आपला आकडाही ३० वर आणावा. सुबक, सरांना आवडेल असा.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. आप्पा गोठ्यात होते, दादाही घरी आलेला. मी माझ्या पीपीटीचा सराव त्या दोघांपुढं केला. आप्पा आठवी शिकलेले. हायड्रोसायक्लोन त्यांना साय काढायच्या यंत्रावरून लगेच कळला. ४० मिलिग्रॅम ऐकून म्हणाले, "म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. बरंच साफ करत्यात की!" मग वैरण टाकता टाकता विचारलं, "पण बाळ, असे टँकर किती?"

मी म्हटलं, "आप्पा, तिथं टँकर नसतो, तुम्हाला सांगितलं की पाइप असतो."

"पाइप असू दे. दिवसाला टँकर किती सुटत्यात, त्ये सांग."

दादानं माझ्याकडं बघितलं, मी दादाकडं. दादा म्हणाला, "काका, माझ्या बाटलीत ते येत नाही."

त्या रात्री अंगणात बसून आम्ही तिघांनी हिशोब मांडला. कुठल्या खऱ्या प्लॅटफॉर्मचा नाही, समजा म्हणून धरलेला. आमच्या गावात येणारा टँकर १० हजार लिटरचा. त्यात लिटरमागे ४० मिलिग्रॅम तेल म्हणजे ४०० ग्रॅम. अर्ध्या लिटरच्या बाटलीला जरा कमी. समजा सुरुवातीला प्लॅटफॉर्मवरून दिवसाला २०० टँकर पाणी सुटतं. तेल झालं ८० किलो. दहा वर्षांनी विहिरी म्हाताऱ्या झाल्या, पाणी पाचपट वाढलं, १००० टँकर. तेल झालं ४०० किलो, रोज. बाटलीतला आकडा तेव्हाही ४०, आजही ४०. नियम मोडलेला नाही, रजिस्टर स्वच्छ आहे आणि समुद्रात जाणारं तेल पाचपट झालंय. बरं, माझ्या निष्कर्षाप्रमाणं ४० चे ३० केले तरी १००० टँकरमागे ३०० किलो. पहिल्यापेक्षा जवळजवळ चौपटच.

आप्पांनी विचारलेली गोष्ट युरोपातल्या लोकांनीही विचारली होती, हे मला परत आल्यावर कळलं. ऑस्पारच्या देशांनी २००१ मध्ये फक्त ३० चा आकडा ठरवला नाही. २००० साली या पाण्याबरोबर जेवढं तेल समुद्रात जात होतं, त्यात २००६ पर्यंत एकूण किमान १५ टक्के घट करायची, असंही ठरवलं. एक आकडा बाटलीसाठी, दुसरा टँकरसाठी. माझ्या सेमिनारचा निष्कर्ष मी मग नव्यानं लिहिला: नुसतं 'किती स्वच्छ' विचारू नका, 'एकूण किती' हेही विचारा.

आणि बाटलीतल्या आकड्यात जे दिसत नाही त्याचं काय? तो आकडा मुख्यतः तेल सांगतो. विरघळलेली फिनॉलं आणि आपण घातलेली रसायनं हा वेगळा हिशोब. नॉर्वेत प्लॅटफॉर्मच्या आसपास पिंजऱ्यात शिंपले आणि मासे ठेवून त्यांच्या अंगात काय बदलतं ते तपासतात. जीव खोटं बोलत नाही. समुद्र मोठा आहे, पाणी लगेच पातळ होतं, हे खरं आहे. पण 'नदी मोठी आहे' हे वाक्य आपल्याकडं किती नद्यांबाबत बोललं गेलं आणि त्या नद्यांचं काय झालं, हे पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको.

आप्पांचा दुसरा प्रश्न साहजिक होता. "एवढं पाणी साफ करताय तर ते इकडं शेताला आणा की." त्याचंही गणित केलं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. तेलाबरोबरचं पाणी कधी त्याहून कमी खारं असतं, कधी बरंच जास्त. समुद्राएवढं धरलं तरी एका टँकरमध्ये ३५० किलो मीठ, म्हणजे ५० किलोची सात पोती. आप्पा हसले, "म्हणजे रान चोपण." बागायती पट्ट्यात जास्त पाणी देऊन खारवलेली रानं त्यांनी डोळ्यांनी बघितली आहेत, त्यांना पुढं समजवावं लागलं नाही.

मग त्या पाण्याचं करायचं काय? सगळ्यात शहाणा मार्ग आज्जीचा: परत वापरा. दाब टिकवायला समुद्राचं पाणी खाली ढकलतोच, त्याऐवजी हेच पाणी साफ करून परत दगडात ढकलायचं. जिथून आलं तिथं गेलं, सांडलं नाही. पण हे बोलायला सोपं. पाण्यात तेल आणि गाळ राहिला तर दगडाची छिद्रं बुजतात. दोन वेगळी पाणी एकत्र आली तर क्षार धरतात, हॉस्टेलच्या गिझरच्या कॉइलवर धरतात तसे, फक्त इथं पाइप बंद पडतो. काही जंतू सल्फेट खाऊन सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू करतात. शिवाय ढकलायला मोठे पंप, पंपाला इंधन. म्हणून प्रत्येक ठिकाणी हे जमतंच असं नाही. पण जिथं जमतं तिथं टँकरचा आकडा खरोखर कमी होतो. दुसरा मार्ग म्हणजे पाणी वर येऊच द्यायचं नाही. विहिरीच्या ज्या थरातून पाणी घुसतं तो थर बंद करायचा. न काढलेलं पाणी साफ करावं लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, समुद्र १६० किलोमीटर लांब, आपला काय संबंध? मित्रमैत्रिणींनो, संबंध आपल्या मेसच्या मागं आहे. रोज दोन वेळा शेकडो ताटं धुतली जातात. रस्स्याचा तवंग, साबण आणि जोरात सोडलेला नळ. साबण काय करतो? तेलाचे थेंब बारीक करतो. स्टोक्स साहेबांचं गणित इथंही तेच, बारीक थेंब वर येत नाही. मोरीमागच्या ग्रीस ट्रॅपमध्ये तो थांबत नाही आणि ट्रॅप भरलेला असला तर मोठा थेंबही थांबत नाही. पुढं नाला, पुढं मुळा-मुठा.

आणि त्याच्या पुढं? पुरंदर उपसा सिंचन योजना हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, आमच्याकडं शाळकरी पोरांना माहीत आहे. पुणे शहराचं वापरलेलं पाणी मुळा-मुठेत येतं, ते पंपानं उचलून पुरंदर आणि बारामतीच्या जिरायती भागाकडं चढवतात. तुम्ही इथं जे सांडता ते आमच्या तालुक्यातला शेतकरी पैसे भरून घेतो आणि आवर्तन कधी सुटतंय याची वाट बघतो. त्याच्यासाठी ते सांडपाणी नाही, पीक वाचवणारं पाणी आहे. त्यामुळे आपल्या मोरीत काय जातं हा प्रश्न मला नुसता सेमिनारपुरता नाही.

मेसच्या मावशींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एका वाक्यात उपाय सांगितला: "ताट टाकायच्या आधी रद्दी कागदानं पुसा. मला साबण निम्मा लागंल." आधी वेगळं करा, मग धुवा. प्लॅटफॉर्मवरचं पथ्य त्यांना न वाचता ठाऊक होतं.

तर या अंकाच्या निमित्तानं मेस कमिटीकडं आणि वॉर्डन सरांकडं तीन मागण्या. ताटांच्या टेबलाशेजारी रद्दी कागद आणि एक बादली ठेवावी. ग्रीस ट्रॅप आठवड्याला साफ करून तारीख भिंतीवर लिहावी. आणि मोरीकडं जाणाऱ्या पाण्याच्या लाइनवर एक साधं मीटर बसवावं. खर्च फार नाही. मीटरचं वाचन रोज लिहायला मी तयार आहे, मी पास आउट झाल्यावर ज्युनिअर कुणी असेल तर नाव द्या.

आपल्यातले काही जण उद्या समुद्रावरच्या नोकरीलाही जातील, पगार चांगला असतो. जाल तेव्हा तिथल्या बाटलीचा आकडा तर बघाच, पण त्या उभ्या पाइपातून दिवसाला किती पाणी गेलं त्याचंही रजिस्टर मागा. दादानं त्याच्या वहीत आता एक रकाना वाढवलाय. वर मथळा लिहिलाय, 'टँकर'.